चॅनल चाळीस: व्हॅनमध्ये सीबी रेडिओ बसवताना

यंदाच्या ईस्टरला आम्ही मेलबर्नहून ग्रॅम्पियन्सच्या डोंगरांकडे निघालो होतो. अराराटच्या पंपावर डिझेल भरत असताना मागून आलेल्या ट्रकमधून एक दाढीवाला उतरला आणि सरळ आमच्याकडे आला. म्हणाला, तुमच्या मागच्या दारातून पट्टा लोंबतोय, वीस मिनिटं रेडिओवर हाका मारतोय मी. बघितलं, तर सायकलींना बांधलेला पट्टा सुटून रस्त्यावर घासत घासत टोकाला झिजून दोरीसारखा झाला होता. आमच्याकडे रेडिओच नाही, असं मी सांगितलं. त्यावर त्याने जे तोंड केलं, ते मला अजून आठवतं. चपला न घालता घराबाहेर पडलेल्या माणसाकडे बघतात तसं.

सप्टेंबरच्या शाळेच्या सुट्टीत नलारबोरचं मैदान ओलांडायचं आमचं ठरलेलंच होतं. साताऱ्याहून बाबा येणार होते. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर म्हणून काढल्यामुळे 'लांबचा रस्ता' म्हटलं की त्यांची कळी खुलते. सेडुना ते नॉर्समन हा साधारण बाराशे किलोमीटरचा पट्टा. मोबाईलला रेंज मुख्यतः रोडहाऊसच्या आसपास, आणि सोबतीला साडेछत्तीस मीटर लांबीच्या रोड ट्रेन, म्हणजे मागे ट्रेलर जोडलेले ट्रक. म्हटलं, आता रेडिओ घ्यायचाच. व्हॅन आमची जुनी पांढरी ह्युंदाई आयलोड, मागे दुसरी सीट असलेली.

13 जुलैला पहिल्यांदा दुकानात गेले आणि अर्ध्या तासात डोकं गरगरून बाहेर आले. म्हणून आधी थोडक्यात पार्श्वभूमी सांगते. सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, सामान्य लोकांना एकमेकांशी बोलायला खुला असलेला रेडिओ. इथे दोन प्रकारचे सीबी आहेत: जुना 27 मेगाहर्ट्झचा आणि 477 मेगाहर्ट्झच्या आसपासचा यूएचएफ. रस्त्यावर बोलणं चालतं ते यूएचएफवर, म्हणून लोक नुसतं 'यूएचएफ' म्हणतात. चॅनल ऐंशी. आधी चाळीस होते, 2011 पासून चॅनलची रुंदी निम्मी करून ऐंशी केले. जुना चाळीस चॅनलचा सेट कुणी स्वस्तात देत असेल तर मोह आवरा.

मला सगळ्यात जास्त धास्ती परवान्याची होती. आपल्या मेंदूची घडणच अशी की 'परवाना लागत नाही' असं वाचलं की 'म्हणजे काहीतरी लागतच असणार' असं वाटतं. दोन संध्याकाळी मी फॉर्म शोधत बसले. फॉर्म नाहीच. इथली दूरसंचार यंत्रणा, एसीएमए, सीबीला 'क्लास लायसन्स' देते. म्हणजे नियम पाळून जो वापरेल, त्याला आपोआप परवाना. अर्ज नाही, फी नाही, नावनोंदणी नाही. सेट मात्र इथल्या मानकाचा हवा आणि ताकद जास्तीत जास्त 5 वॅट. चॅनल 5 आणि 35 फक्त आणीबाणीसाठी. 22 आणि 23 वर बोलायचंच नाही, ते यंत्रांच्या संदेशांसाठी आहेत. 61, 62, 63 राखीव. 1 ते 8 आणि 31 ते 38, तसंच 41 ते 48 आणि 71 ते 78, हे रिपीटरसाठी, म्हणजे आलेला संदेश पुन्हा लांबवर पाठवणाऱ्या यंत्रांसाठी, वापरले जातात, तिथे गप्पा मारायला जाऊ नये. बाकी रूढी अशी की 40 महामार्गावरच्या ट्रकवाल्यांचा, 18 कॅराव्हॅनवाल्यांचा, 10 फोर व्हील ड्राइव्हवाल्यांचा आणि 11 हाक मारण्यापुरता. मी हे सगळं एका कागदावर लिहून सनवायझरला रबरबँडने अडकवलं. अजून तिथेच आहे.

गाडी चालवताना माईक हातात धरला तर मोबाईलसारखा दंड होतो का, हेही शोधलं. इथल्या रस्ते नियमांत मोबाईल फोनच्या व्याख्येतून सीबी वगळलेला आहे. तरी गाडीवरचा ताबा सुटला तर तो गुन्हा आहेच.

आता माझी पहिली चूक. 20 जुलैला मी कंजूसपणा करून हातात धरायच्या दोन रेडिओंची जोडी 99 डॉलरला आणली. डब्यावर किलोमीटरचे मोठमोठे आकडे छापलेले होते. दुसऱ्या दिवशी माझा नवरा निखिल एक घेऊन टार्नीटच्या रस्त्यांवर चालत निघाला आणि मी व्हॅनमध्ये बसले. किलोमीटरभर गेल्यावर त्याचा आवाज खरखरीत बुडाला. मी व्हॅनमधून उतरले, तर परत ऐकू यायला लागला! व्हॅन म्हणजे पत्र्याचा डबा. डब्यात बसून हाक मारली तर ती डब्यातच घुमणार. ते दोन रेडिओ वाया मात्र गेले नाहीत. कॅम्पवर व्हॅन मागे घेताना एकाने मागे उभं राहून सांगायला फार उपयोगी पडतात. पण एकमेव रेडिओ म्हणून घेऊ नका.

म्हणजे गाडीत पक्का बसवलेला सेट आणि एरियल बाहेर. सेट निवडायला मला दहा मिनिटं लागली, कारण ताकद सगळ्यांची 5 वॅटच. महाग सेटमध्ये जास्त लांब पोचण्याची जादू नसते, सोयी असतात. मला एकच सोय हवी होती. आयलोडच्या डॅशबोर्डमध्ये जागा नाही, त्यामुळे डबा सीटखाली लपवता यावा आणि सगळी बटणं, आकडे, स्पीकर माईकवरच असावेत. जीएमई आणि युनिडेन, या दोन्ही कंपन्यांकडे असे सेट आहेत. मी जीएमईचा घेतला, सवलतीत 349 डॉलरला.

खरा घोळ एरियलचा. त्यावर 3, 6.6, 9 डीबीआय असे आकडे असतात आणि दुकानातला मुलगा 9 चा दांडा माझ्या गळ्यात मारायला बघत होता. मला ते समजलं ते स्वयंपाकघरात. पीठ तेवढंच असतं, म्हणजे आपले 5 वॅट. कमी आकड्याचा एरियल म्हणजे पिठाचा गोळा: वर, खाली, सगळीकडे थोडाथोडा पसरलेला. जास्त आकड्याचा म्हणजे थापलेली भाकरी: तेच पीठ, पण पातळ होऊन लांबवर गेलेलं. नलारबोरसारख्या सपाट मैदानात भाकरी चांगली. पण डोंगरदऱ्यांत ती दरीतल्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाते, तिथे गोळाच बरा. आम्हाला दोन्ही प्रकारचे रस्ते लागणार, म्हणून मधला 6.6 चा घेतला: 159 डॉलर, दांडा साधारण मीटरभर, फिरवून काढता येणारा. तो काढता येणं महत्त्वाचं आहे, नाहीतर मॉलच्या पार्किंगमध्ये छताला खटखट वाजत जातो.

जागेवरून निखिलचं आणि माझं वाजलं. छताचा मध्य सगळ्यात उत्तम, हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. उंची मिळते, चारी बाजूंना सारखं पोचतं. पण छताला भोक पाडायला माझा जीव होईना, आणि आमच्या गॅरेजच्या दारात तेवढी उंचीही नाही. शेवटी बॉनेटच्या कडेला, मडगार्डच्या आहे त्याच बोल्टांवर बसणारी एल आकाराची पट्टी मागवली, 45 डॉलर. ती डाव्या बाजूला, म्हणजे ड्रायव्हरच्या नजरेच्या आड येणार नाही अशी.

5 ऑगस्टला विमा कंपनीला फोन केला. गाडीत काही बदल केला तर कळवायचं असतं, हे पुष्कळ जण विसरतात आणि मग दाव्याच्या वेळी डोक्याला हात लावतात. सत्तेचाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक बाई आल्या. हा 'बदल' की 'ॲक्सेसरी' यावर त्यांनी आत जाऊन विचारून घेतलं. ॲक्सेसरी, जादा हप्ता शून्य. मी ते लेखी मागितलं. पाच दिवसांनी ईमेल आला, त्यात 'छतावर बसवलेला एरियल' असं लिहिलेलं. परत फोन, परत संगीत. फोटो पाठवल्यावर दुरुस्त झालं. तुम्हीही फोनवरच्या होकारावर थांबू नका.

रेडिओ 9 ऑगस्टला आला. एरियल 'पाच दिवसांत' येणार होता, तो आला 30 ऑगस्टला. मधल्या काळात बाबा येऊन पोचले, 24 ऑगस्टला. विमानतळावरून घरी येताना त्यांनी बसवायला किती घेतात ते विचारलं. ऑटो इलेक्ट्रिशियनने 380 डॉलर सांगितले होते. बाबांनी मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाले, "एकवीस हजार? पोरी, एक रेडिओ अन् दोन वायरी. आपण बसवू."

7 सप्टेंबरला गणपती बसले, दीड दिवसाने अंगणातल्या टबात विसर्जन झालं आणि पुढच्या शनिवारी, 14 तारखेला, आम्ही बॉनेट उघडलं.

सुरुवात झकास झाली. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवली. पट्टी बोल्टांवर बसवताना मी कुठेतरी वाचल्याप्रमाणे खालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला, एरियलला गाडीच्या पत्र्याची 'जमीन' मिळावी म्हणून. मग एरियलची पत्रिका वाचली. आमचा एरियल अशी जमीन न लागणाऱ्या प्रकारातला! खरवडायची गरजच नव्हती. गंजू नये म्हणून त्यावर निमूटपणे टचअपचा रंग लावला. पत्रिका आधी वाचायची असते, हे बाबा बोलले नाहीत, पण त्यांचं न बोलणंही मोठ्याने ऐकू येतं.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर आत नेणं हा सगळ्यात किचकट भाग. तिथे रबराचं बूच असतं, त्यातून गाडीच्या बाकीच्या वायरी जातात. त्यालाच बारीक छेद देऊन बाबांनी कपडे वाळत घालायच्या तारेचा तुकडा साबण लावून सरकवला, आतून मी पकडला आणि त्याला बांधून वायरी ओढून घेतल्या. यात दीड तास गेला. लाल वायर थेट बॅटरीला, रेडिओबरोबर आलेला फ्यूज बॅटरीच्या जवळ राहील अशी. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा जितका आखूड तितका बरा, कारण तेवढ्या तुकड्याला कुणी राखणदार नसतो. एरियलची केबल दाराच्या फटीतून नेऊ नका. दार लावताना ती रोज थोडी थोडी चेंगरते आणि सहा महिन्यांनी रेडिओ का बिघडला ते कळत नाही.

केबल लांब होती म्हणून कापून तिच्या टोकाला नवीन पीएल 259 कनेक्टर मी बसवला. यूट्यूबवर बघून, सोल्डर करून. संध्याकाळ झाली होती, रेडिओ लागला, आकडे उजळले, आम्ही पोहे खाल्ले.

रविवारी तपासणी. आमच्याच गल्लीतल्या एका निवृत्त शेजारी आजोबांनी एसडब्ल्यूआर मीटर दिला. एरियलकडे पाठवलेल्यातलं किती परत फिरून येतं, ते हा मीटर दाखवतो. 1.5 च्या आत असेल तर छान, 2 च्या वर गेलं तर थांबून शोधायचं, 3 च्या वर तर माईकचं बटण दाबूच नये, सेट जळू शकतो. आजोबांनी आधीच विचारलं होतं, 27 चा मीटर हवा की यूएचएफचा? दोन्ही वेगळे असतात, जुना 27 चा मीटर इथे चालत नाही. मोकळं चॅनल बघितलं, आधी ऐकून खात्री केली आणि बटण क्षणभर दाबलं. काटा उजव्या टोकाला जाऊन आपटला.

पोटात गोळा आला. पाचशे डॉलरचा प्रश्न. निखिल म्हणाला एरियल खराब आहे, परत पाठवू. बाबांनी चष्मा मागितला.

"जोड कुठं कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"एक एरियलच्या बुडाशी, तो कंपनीचा. आणि एक हा, मी केलेला."

"मग तुझाच उघड. वायरिंगमधली सगळी भांडणं जोडावर होतात."

त्यांनी कनेक्टर दिव्याखाली धरला, नखाने वळवून बघितला आणि टोकाने दाखवलं. केबलच्या बाहेरच्या जाळीतली एक तार, केसाएवढी, आतल्या पांढऱ्या वेष्टनावर वाकून मधल्या तांब्याच्या तारेला चिकटली होती. एवढंच. मी ती जाळी मागे वळवताना एक केस राहून गेला होता. परत कापलं, परत सोलून काढलं. या वेळी जाळीची प्रत्येक तार बोटाने मागे घेतली आणि सोल्डर करण्याआधी मल्टिमीटर लावून मधली तार आणि जाळी एकमेकांना लागत नाहीत ना ते बघितलं. ही तपासणी एरियलचा दांडा काढून करा. कित्येक दांड्यांच्या आत गुंडाळी असते, त्यामुळे सगळं नीट असूनही मल्टिमीटर 'शॉर्ट' दाखवतो आणि माणूस उगाच घाबरतो. पुन्हा मीटर लावला: 1.3.

एक भूत मात्र उरलं होतं. इंजिन चालू केलं की रेडिओवर सतत घरघर. एकेक वस्तू बंद करत गेलो, तर डॅशकॅमचा चार्जर निघाला. तो काढला की शांत. त्याची वायर आता एरियलच्या केबलपासून लांब, उजव्या बाजूने नेली आहे आणि तिच्यावर असा गोंगाट अडवणारी फेराइटची गोळी बसवली आहे. घरघर पूर्ण गेली नाही, पण स्क्वेल्च, म्हणजे बारीक खरखर गाळायची सोय, दोन घरं वर केला की त्रास होत नाही.

हातातली जोडी सोडून सगळा खर्च 591 डॉलर: रेडिओ, एरियल, पट्टी आणि 38 डॉलरची किरकोळ सटरफटर. बाबांच्या हिशोबाने तेहतीस हजार. त्यांनी विचारलं, असला एक साताऱ्याला नेता येईल का, शेतावर बोलायला? नाही येणार. भारतात ही फ्रीक्वेन्सी विनापरवाना खुली नाही. तिथे विनापरवाना वापरासाठी कमी ताकदीच्या रेडिओंना 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ अशी वेगळी जागा आहे. इथले सेट बॅगेत घालून नेऊ नका, असं मी सगळ्यांनाच सांगेन.

आणि आता जे कुठल्याच पत्रिकेत नसतं ते. 21 सप्टेंबरला निघालो आणि पहिले दोन दिवस मी बटण दाबलंच नाही. ऐकत होते. चाळीसवर ट्रकवाले बोलतात ते इंग्रजी अकरा वर्षं इथे राहूनही मला अर्धंच कळत होतं. शिव्या मात्र पूर्ण कळत होत्या, त्यामुळे मागे बसलेल्या लेकीसाठी आवाज कमी ठेवावा लागला. (मुलं बरोबर असतील तर 18 वर ठेवा आणि 40 ला स्कॅनवर टाका.) आपला उच्चार ऐकून कुणी काही बोललं तर? ऑफिसात मी मीटिंग चालवते, पण अनोळखी माणसांच्या त्या अंधारात तोंड उघडायला भीती वाटत होती. पोर्ट ऑगस्टाच्या पुढे समोरून रुंद मालाची पायलट गाडी आली आणि रेडिओवर आवाज आला: पाच मीटर रुंद, पश्चिमेकडून येतोय, कडेला घ्या. मी कडेला घेतलं आणि पहिल्यांदा बटण दाबून 'कॉपी, थँक्स' म्हटलं. पलीकडून नुसतं 'चिअर्स' आलं. कुणी हसलं नाही. बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. माझं पलीकडे नुसतं 'थँक्स'च गेलं असणार.

सेडुनाच्या पुढे हेड ऑफ बाइटला देवमासे बघितले. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर तपासणीत मध आणि कढीपत्ता देऊन टाकावा लागला, कढीपत्त्याचं बाबांना जास्त दुःख झालं. काही ठिकाणी रस्त्यावरच फ्लाइंग डॉक्टरांच्या विमानासाठी धावपट्टी आखलेली आहे. तिथे गाडी थांबवून फोटो काढू नये, पण बाबांना ती दिसावी म्हणून मी वेग जरा कमी केला.

कायगुनापासून बॅलाडोनियापर्यंत 146.6 किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता जातो. तिथे गाडी मी चालवत होते आणि बाबा शेजारी. आरशात मागे एक रोड ट्रेन बराच वेळ मोठी मोठी होत होती.

"व्हाइट व्हॅन वेस्टबाउंड, गॉट अ कॉपी?"

"कॉपी," मी म्हटलं. "तुम्ही बाहेर पडलात की मी वेग कमी करते."

हे क्रमाने करायचं असतं. ट्रक मागे असताना आपण आधीच ढिलं पडलो तर त्याचा घेतलेला जोर वाया जातो, तो पार शेजारी आला की मगच पाय उचलायचा. ब्रेक नाही, नुसता पाय. केबिन गेली, पहिला ट्रेलर गेला, दुसरा संपता संपेना. वाऱ्याने आयलोड आधी बाहेर ढकलली गेली, मग आत ओढली गेली. एवढ्या लांब गाडीच्या ड्रायव्हरला स्वतःचं शेपूट नीट दिसत नाही, ते आपण सांगायचं. मी मात्र स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून बसले होते.

बाबांनी हुकावरचा माईक काढून माझ्या तोंडासमोर धरला.

"अगं, बघत काय बसलीस? डबल बेल दे त्याला."

त्यांनीच बटण दाबलं. मी एक सेकंद थांबले. "यू'अर क्लिअर, कम बॅक इन."

ट्रक आत आला आणि त्याने इंडिकेटर एकदा उजवा, एकदा डावा दाखवला. बाबांनी काचेतून हात वर केला.